काचेखालचा रुपया

नाण्यांच्या प्रदर्शनात काचेखाली ठेवलेला चांदीचा रुपया मी लगेच ओळखला. राणीच्या मुकुटाच्या नक्षीत आमच्या देव्हाऱ्यातलं कुंकू अजून अडकून होतं.

दिवाळीत घरची सगळी चांदी चिंचेने लखलखायची. या रुपयावर मात्र आई नुसतं दूधपाणी घालायची. म्हणायची, “लक्ष्मीचं अंग घासायचं नसतं.”

ती गेल्यावर माझा मामेभाऊ अरुण तो हातात घेऊन म्हणाला होता, “काळा पडलाय गं, कोण विचारतंय याला! राहू दे माझ्याकडे, आत्याची आठवण.” मला भरून आलं होतं. मीच तो रुमालात बांधून दिला.

आता तोच अरुण काचेमागे उभा राहून लोकांना समजावत होता, “घासलेलं नाणं संग्राहक हातात धरत नाहीत. हा काळपटपणा बघा, असा दुर्मिळ!”

चोरासाठी दाराला कडी असते. आठवण मागणाऱ्याला आपण पाट मांडतो.

सवयीने माझा हात रुपयाला लावून कपाळाशी न्यायला पुढे झाला.

“काचेला हात लावू नका,” मान वर न करताच अरुण म्हणाला.