नाटकातला माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ तापानं गेला, तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वैशाखातले दिवस होते. वाडीखालचा झरा आटला होता, म्हणून आई कळशी घेऊन वरच्या आळीतल्या विहिरीवर गेली होती. त्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही असा रिवाज. बाजूला उभं राहायचं आणि कुणाला दया आली की त्यानं वरून कळशीत ओतायचं. त्या दिवशी आळीत कुणाकडे तरी लग्नकार्य होतं. पाण्याला आलेल्या बाया घाईत होत्या. "थांब गो जरा," म्हणत एकीमागून एक आपली भांडी भरून निघून गेली. आई परत आली तेव्हा कळशी काठोकाठ भरलेली होती आणि माझ्या मांडीवरचं अंग गार पडलं होतं.

आमच्या वाडीला आज बौद्धवाडी म्हणतात, तेव्हा महारवाडी म्हणत. बाबा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, त्यांना लिहितावाचता येई. त्यांनी मला शाळेत घातलं आणि शाळेच्या पडवीत बसून का होईना, मी शिकले. भावाबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे.

मी पंधरा-सोळा वर्षांची झाले तोवर रत्नागिरीत वारं पालटायला लागलं होतं. सहभोजनं होत, व्याख्यानं होत. अशाच एका दुपारी शहरातले एक वकील आमच्या घरी आले. पायताणं अंगणात काढून सरळ ओटीवर येऊन बसले. आमच्या घरचा चहा प्यायले. ते बघायला अर्धी वाडी कुडाच्या भिंतीपाशी जमली. ते आईला म्हणाले, "बाई, तुम्ही बसा ना." आईनं वळून मागं पाहिलं. हे 'तुम्ही' कुणाला म्हणतायत, हेच तिला कळेना.

वकील नाटक लिहीत होते. "तुमची दुःखं आमच्या समाजापुढे आली पाहिजेत," ते म्हणाले. बाबांच्या ओळखीच्या कुणीतरी त्यांना भावाची गोष्ट सांगितली होती. ती त्यांना आईच्या तोंडून ऐकायची होती. आई दाराच्या चौकटीला टेकून बसली. मग तिनं सगळं सांगितलं. उन्हात उभं राहून तिला किती वेळा वाटलं की आपणच पोहरा सोडावा. आणि सोडला तर वाडीचं काय करतील, या भीतीनं हात कसा मागं घेतला. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"कळशी भरली, साहेब," ती शेवटी म्हणाली, "पन तवा घरात पिनारं नव्हतं."

वकिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मुलाचं नाव नाटकात तेच ठेवू का?" त्यांनी विचारलं. आईला ते आवडलं. "ठेवा. नाव तरी ऱ्हाईल त्याचं."

दिवाळीच्या सुटीत, दुपारच्या वेळी, शहरात मांडव घालून नाटकाचा प्रयोग झाला. वकिलांनी आम्हाला मुद्दाम बोलावलं आणि मांडवाच्या आत, जाजमावर बसवलं. आम्ही बसलो तेव्हा शेजारच्या दोघी-तिघी किंचित सरकल्या, पण कुणी उठून गेलं नाही. बाबांनी पलटणीतला कोट घातला होता. आई तिचं एकुलतं एक धड लुगडं नेसली होती.

आईचं काम एका तरुण कारकुनानं केलं. अंगावर नऊवारी आणि डोक्याला खोटा अंबाडा. त्याची भाषा पुस्तकातली होती, पण बोलणं आईचं होतं. विहिरीपाशी तो हात पुढं करून मागं घेई, अगदी तिनं सांगितलं होतं तसा. मांडवात हुंदके ऐकू येऊ लागले. आमच्यापासून सरकलेल्या बायाही पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

आणि मग रंगमंचावर खोताचा मुलगा धावत आला. मुंबईला शिकून आलेला, पांढरे शुभ्र कपडे. त्यानं जमलेल्या बायांना चार खडे बोल सुनावले, स्वतः पोहरा सोडला, स्वतः कळशी उचलली आणि झोपडीत जाऊन पोराच्या तोंडात पाणी घातलं. पोरानं डोळे उघडले. आई झालेला कारकून त्या मुलाच्या पायांवर लोळला. "तुम्हीच आमचे मायबाप!" तो म्हणाला. मांडव टाळ्यांनी दणाणला.

आई माझ्या कानाशी आली. इतक्या हळू बोलली, की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"ह्यांचा वाचला गो?" ती म्हणत होती. "ह्यांचा वाचला?"

बाबा समोर बघत होते.

टाळ्या थांबायच्या आतच वकील रंगमंचावर आले. ही कथा खरी आहे, ती माउली इथं बसली आहे, असं म्हणून त्यांनी आईला वर बोलावलं. कुणीतरी तिला जवळजवळ ढकलतच नेलं. तिच्या हातात खण-नारळ ठेवला. पुढच्या रांगेतल्या एका सुवासिनीनं कौतुकानं विचारलं, "आणि मुलगा कुठंय हो? आणला नाहीत?"

"तो मेला," आई म्हणाली.

ती सुवासिनी वकिलांकडे बघू लागली.

"पानी कुनी घातलं नाय. कुनी धावत आलं नाय. आळीतल्या बाया व्हत्या इहिरीवर, त्यांनी भरलं नि गेल्या. मी उभीच व्हते..."

"बाई भावनेच्या भरात आहेत," वकील घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी पेटीवाल्याकडे पाहिलं. पेटी सुरू झाली. सगळ्या नटांनी मिळून शेवटचं पद म्हणायला घेतलं. आईचे ओठ हलताना मला दिसत होते. ती बोलतच होती. एकही शब्द ऐकू येत नव्हता. ज्या माणसांना मी आताच रडताना पाहिलं होतं, ती मान खाली घालून पायताणं शोधत होती. विहिरीवरच्या बायांचं वागणं मी समजू शकते. त्या मांडवातली माणसं मला अजून समजलेली नाहीत.

आईनं खण-नारळ पेटीजवळ ठेवला आणि ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी वकील घरी आले. ओटीवर बसले नाहीत, अंगणातच उभे राहिले. ते रागावले नव्हते, दुखावले होते.

"बाई, मी हे तुमच्यासाठीच लिहिलं. मेलेलं मूल लोकांना सोसत नाही. ते उठून जातात. त्यांचं मन वळायला हवं, तर थोडं गोड करावं लागतं."

"मी सोसलंय ना, साहेब?"

"तुमचं वेगळं."

आई म्हणाली, "तर मंग माज्या पोराचं नाव काढा त्यातनं. त्यो तुमचा पोरगा हाय, जिता. माजा न्हवं."

बाबा आतून बाहेर आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. वकिलांनी मान हलवली. नाव त्यांनी खरोखरच बदललं. पुढं मालगुंडला, जयगडला प्रयोग झाले, लोक रडले, टाळ्या पडल्या, असं कानावर येत राहिलं. वकील वाईट माणूस नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच सगळं जास्त भयंकर वाटे.

नंतर काही वर्षांनी आमच्या लोकांची एक सभा भरली. आसपासच्या वाड्यांतून माणसं आली होती, बायाही आल्या होत्या. बाबांनी आईला बोलायला उभं केलं. तिनं आधी लुगड्याचा पदर खोचला, काम करायला निघताना खोचायची तसा. मग तिनं सांगितलं, तिच्या भाषेत, न रडता. पेटी नव्हती. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

ती बसली तशी मागच्या बाजूनं एक म्हातारी उठली. "माजी लेक," ती म्हणाली, आणि तिनं आपलं सांगायला सुरुवात केली. ती संपवते न संपवते तोच दुसरी उठली. मग माझ्या शेजारची बाई. हिच्याबरोबर मी दर पावसाळ्यात भाताच्या लावणीला जात होते, हिच्या हातची भाकरी खाल्ली होती. तिचे दोन गेले होते, एकाच उन्हाळ्यात. तिनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मी आपली समजत होते, की हे फक्त आमच्याच घरात घडलं.

सभेत ठराव मांडायचे राहूनच गेले. बाया बोलत होत्या आणि पुरुष, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, गप्प बसून ऐकत होते.