काचेच्या पेटीतलं शेवाळ

माझ्या बायकोच्या नजरेनं माशांची पिलं मेली, असं आमच्या घरात अजून सांगतात. ती वारली तेव्हा भाच्याची सून पोटुशी होती, म्हणून तेरवीला तिला बायकोच्या फोटोसमोर येऊ दिलं नाही. तेव्हाही मी मान खाली घालून जेवत राहिलो.

तरुणपणी मी वडशाला लाकडाच्या डेपोत कारकून होतो. ठेकेदाराच्या कामानं कलकत्त्याला गेलो आणि येताना बरणीत गप्पी मासे आणले. डेपोतल्या सुताराकडून सागाची चौकट करवून काचा बसवल्या, सांधे डांबरानं भरले. मासे विकणाऱ्या दुकानदारानं बजावलं होतं की हा मासा अंडी घालत नाही, जिवंत पिलं टाकतो आणि आईच ती खाते. पेटीत दाट शेवाळ असू द्या, पिलं त्यात लपतात.

हे मी बायकोला सांगितलं. तिनं गावच्या बोडीतून, लहानशा तळ्यातून, शेवाळ आणलं, धुऊन पेटीत सोडलं. आम्हाला मूल नव्हतं. मादीचं पोट फुगलं तशी ती रोज काचेशी बसू लागली.

"सोताची कूस रिकामी, अन् मच्छीचं बाळंतपण करून राह्यली," आई म्हणायची. मी हसायचो.

त्या हिवाळ्यात बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली. बायकोनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. बाळाला पहिली आंघोळ मी घालीन, एवढंच तिनं नणंदेकडं मागून घेतलं होतं.

एके दिवशी ठेकेदार मासे बघायला येणार होता. शेवाळात काही दिसलं नसतं. बाया विहिरीवर गेल्या तेव्हा मी ते सगळं उपसून परसात टाकलं.

दुपारी मादी काचेपाशी वळवळू लागली. ठेकेदारासकट सगळे जमले. बायको नेहमीच्या जागी, अगदी पुढं. पहिलं पिलू वेटोळं होऊन बाहेर पडलं, ताठ झालं, पोहायला लागलं आणि मादीनं वळून त्याला गिळलं. मग दुसरं. ठेकेदाराला मोठी मौज वाटली, मीही त्याच्याबरोबर हसलो. बहीण पोट धरून बाहेर गेली आणि ओकली.

आईनं सुनेकडं पाहिलं. "हिची नजर हाये. माह्या पोरीचं होयेपर्यंत हिले इथून हालव."

बायको माझ्या मागं परसात आली. शेवाळ तिथंच वाळत पडलं होतं. तिनं ते पाहिलं.

"तुमी सांगा ना आईले. दुकानदारानं तुमाले सांगतलं होतं."

ओसरीत ठेकेदार चहा पीत होता. त्याच्यासमोर आईशी हुज्जत घालणं मला कमीपणाचं वाटलं.

"मले काय माहीत," मी म्हटलं. "समोर त तूच बसली होती."

दुसऱ्या दिवशी मीच तिला चामोर्शीच्या मोटारीत बसवून दिलं, तिच्या बापाकडं. दुपटी ती बहिणीजवळ ठेवून गेली. आईनं ती चुलीत घातली.

ती गेल्यावर मी बोडीतून ताजं शेवाळ आणून पेटीत घातलं. मासे मला हवे होते. मादी पुन्हा व्याली आणि पेटी पिलांनी भरून गेली. त्याच सुमारास बहिणीला मुलगा झाला. आई शेजारणींना बोलावून पेटी दाखवायची. "पाहा बाई, ते गेली अन् घर भरलं." मी पेटीत कणीक टाकत उभा असायचो.

बारसं उरकल्यावर बायकोला बोलावून घेतलं. आल्या आल्या ती पेटीपुढं थांबली. आत हिरवंगार शेवाळ होतं, त्यातून पिलं फिरत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. झाडू उचलला आणि अंगण झाडायला लागली.

त्यानंतर तिनं कुणाचं मूल उचललं नाही. भाचा लहानपणी तिच्याकडं धावायचा, तेव्हा ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. त्याला वाटायचं, मामीला आपण आवडत नाही. परवा त्यानं मला तसं बोलूनही दाखवलं.

त्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत. बाळ जन्मायच्या आधी हे लिहिलेलं त्याच्या घरी वाचलं जावं. शेवाळ मी काढलं होतं. ती गेल्यावर परत घातलं तेही मीच.