वावटळ वळवणारी गोदाआत्या

गोदाआत्याच्या पायात मी चप्पल फार कमी पाहिली. बहुतेक वेळा ती हवेतच असायची. कुत्रं, कोंबडी, नवरा, देवळातला पुजारी, कुणावरही ती सारख्याच निष्ठेनं फेकायची आणि नेम चुकला की वर ओरडायची, "मेल्या, जागचा हलतो कशाला?" पिशोरला मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायचो. तिच्याविषयी आजवर मी चारचौघांत बोललो नाही. बोललो असतो तर वावटळीचं सांगावं लागलं असतं, आणि त्यात मी आहे.

त्या दुपारी आत्यानं अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि राखणीला मला बसवलं होतं. मी आंबे पाडायला गेलो. परतलो तर शेळ्यांनी बाज साफ केलेली. आत्या दारात आली. तिनं आधी बाज पाहिली, मग मला, आणि चप्पल काढली. नेमकी तेव्हाच माझ्या पाठीमागून वावटळ आली. पाचोळा उडवणारी साधी नव्हे. मातीचा उभा खांब, लिंबाच्या झाडाहून उंच, आत कडबा, फडकी, कुणाचं तरी धोतर. चप्पल सुटली तसा मी खाली बसलो. ती डोक्यावरून थेट वावटळीत गेली. वावटळ आमच्या दारातून वळली, शेजारच्या रहीमचाचांच्या घरावर चढली आणि छपराचे पत्रे उचलून तिनं पार शेतात नेऊन मुरगळून टाकले.

वावटळीत भूत असतं आणि चप्पल मारली की ते पळतं, असं गावात सगळेच मानायचे. गल्लीनं पाहिलं ते एवढंच: गोदानं चप्पल मारली, वावटळ वळली.

"अगं बया, भूत पळवलंस की!" बायका म्हणाल्या.

आत्यानं पदर खोचला. "मला बघूनच पळालं!"

रहीमचाचा गावात शिवणकाम करायचे. ते पाय आपटत आले. "गोदाक्का, भूत तुझ्या दारातलं, चप्पल तुझी. मेरे घर पे कायको भेजी? आता पत्रे भरून दे."

"मी काय पत्ता देऊन धाडलं व्हय?"

"मग म्हण सगळ्यांसमोर, चपलेनं काय झालं नाय, वावटळ आपली आपण वळली. मिटला मामला."

मिटला असता. पण नुकतीच मिळालेली कीर्ती आत्याला सोडवेना. तिनं मला पुढं ओढलं. "ह्यो व्हता तिथं. सांग रे, वावटळीवरच नेम धरला व्हता का नाय मी?"

चप्पल कुणासाठी होती हे आत्या त्या गडबडीत साफ विसरली होती. मला तिला आठवण करून द्यायची नव्हती.

"व्हय," मी म्हणालो. "वावटळीवरच."

माझ्या साक्षीवर संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरावरचे पत्रे निघाले आणि चाचांच्या घरावर चढले. पोळ्याला गेलो तेव्हा आत्या ताडपत्रीखाली भाकरी थापत होती आणि तिचा नवरा चुलीवर छत्री धरून उभा होता. "सरळ धर! देवाला आरती ओवाळतो व्हय?" ती त्याच्यावर खेकसली. मी हसलो, पोटभर जेवलो आणि गप्प बसलो. पुढंही बसलोच.

गेल्या वर्षी आत्या गेली. मी आता बजाजनगरला राहतो, तिथून दहाव्याला पिशोरला गेलो. चाचा आत्याच्या ओट्यावर एकटेच बसले होते, पार वाकलेले. त्यांना मी सगळं सांगून टाकलं.

"चप्पल तुझ्यावर होती, हे मला खिडकीतून दिसलं होतं," चाचा म्हणाले.

"मग भांडलात कशाला?"

"गोदाक्का माघार घ्यायची नाय, ठाऊक होतं. बायको बाळंतीण, वर आभाळ उघडं. पत्रे पाहिजे होते."

"मागायचे. आत्यानं तसेच दिले असते."

"दिलेच असते! मग जन्मभर मला तिच्याशी मान खाली घालून बोलावं लागलं असतं. तेरी आत्या से? नुकसानभरपाई म्हणून घेतले, म्हणून तर दुसऱ्याच सकाळी हिच्या दारात येऊन बोंबललो, गोदाक्का, एवढे गंजके पत्रे देतात व्हय गं!"

बोलताना चाचांचा आवाज सवयीनं चढला. ते आत्याच्या दाराकडे बघत थांबले. आतून कुणी उलटून बोललं नाही.