शर्टाला झालेला आजार

“काढ! आधी माझा शर्ट काढ!”

माझा चुलतभाऊ रोह्याच्या भर बाजारात, डॉक्टरच्या दारासमोर असा ओरडत होता, की त्याला छपरावर बसवला असता तर शेजारच्या धाटावच्या केमिकल कंपन्यांना भोंग्याचा खर्च वाचला असता. पुढ्यात आमचा धाकटा काका. हातात औषधाची पुडी, अंगात भावाचा कंपनीचा निळा शर्ट. भावाची सेकंड शिफ्ट सुरू व्हायला आलेली, गेटवरचा वॉचमन शर्टाशिवाय आत सोडत नव्हता, आणि घरातल्या दुसऱ्या शर्टाची अ‍ॅसिडने चाळण केलेली.

“अरे, रस्त्यात नको रं,” काका म्हणाला.

“मंग तुझ्यासाठी मांडव घालू? माझा खाडा पडंल!”

आता हा शर्ट काकाच्या अंगात कसा आला, ते ऐका. आमचं गाव कासूच्या पुढं, खाडीच्या अंगाला. अर्धा गाव मिठागरात, आणि उरलेला अर्धा मिठागरातून थकून घरी बसलेला. कंपनीत पर्मनंट असा एकटा हा भाऊ. रोह्याच्या त्या डॉक्टरकडे बसायच्या जागा दोन. आत पंखा आणि खुर्च्या, त्या कंपनीवाल्यांच्या. बाहेर व्हरांडा, तो आमच्यासारख्यांचा. फी दोघांनाही सारखीच, पण आतले सगळे आटपल्याशिवाय व्हरांड्याला हाक यायची नाही. आलीच, तर डॉक्टर जीभ बघून गोळ्या द्यायचे, बोलायचे नाहीत. त्या व्हरांड्यात माणसांचे ताप वाट बघून कंटाळायचे आणि आपणच उतरायचे. तिथं नंबर लावायला कुमार गेलेला माणूस आजोबा होऊन आत शिरला, असंही मी ऐकून आहे.

खिशावर कंपनीचं नाव दिसलं की कंपाउंडर आपणहून दार उघडतो, हे गावाला कळलं आणि तो शर्ट गावाचा झाला. कावीळ, नायटा, गुडघेदुखी, सगळं त्या शर्टातून आत जाऊन आलं. आणखी एक पावसाळा मिळता, तर शर्टाने स्वतःच दवाखान्याची पाटी लावली असती. बायकांची तेवढी पंचाईत. त्या व्हरांड्यातच.

काकाचं दुखणं मात्र गमतीचं नव्हतं. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांध चढला की त्याची छाती आवळून यायची, डावा हात लाकडासारखा व्हायचा. पेणला जाऊन गोळ्या खाऊन झाल्या होत्या. कुणीतरी त्याला नीट बसवून, विचारून तपासायला हवा होता. म्हणून मी त्याला शर्टात घालून आणला.

दार उघडलं. खुर्ची मिळाली. डॉक्टर चक्क बोलायला लागले.

“प्लांटमध्ये वास येतो?”

“व्हय,” काका म्हणाला. नाय म्हटलं तर उठवतील, ही भीती.

“शिफ्ट कुठली?”

“भरती असंल तशी.”

मिठागराची कामं खाडीच्या पाण्यावर चालतात. मी झेप घातली, “फिरती, डॉक्टर, फिरती! दात पडलेत त्याचे.”

डॉक्टर हसले. त्यांनी नळी लावली ती शर्टावरूनच, नेमकी खिशावरच्या कंपनीच्या नावावर.

“हात जड व्हतो,” काका म्हणाला.

“व्हॉल्व्ह फिरवून होतो. छातीत प्लांटचा गॅस बसलाय तुमच्या. बाहेरचं काम मागून घ्या. मोकळ्या हवेत राहा, हातपाय हलते ठेवा.”

मी तोंड उघडणार होतो. काकाने टेबलाखालून माझा पाय दाबला. खरं बोललो असतो, तर आमच्या गावाला ती खुर्ची कायमची बंद झाली असती.

तर बाहेर, भर बाजारात, काकाने बटणं सोडली. उन्हाने करपलेली पाठ, टोपल्यांनी मानेवर पडलेला घट्टा, हाडांना चिकटलेली कातडी, सगळं उघडं झालं.

“मिठागरवाला हाय वाटतं,” पानवाला गिऱ्हाइकाला म्हणाला. त्याने तर नळीसुद्धा लावली नव्हती.

घरी आल्यावर काका काकीला ऐटीत म्हणाला, “मना धाटावचा गॅस लागलाय गो.”

“तू धाटावला कधी गेलतास?”

“शर्ट गेलता ना.”

“मंग आता कामाला नको जाऊस.”

“डॉक्टर मोकळ्या हवेत राहा बोलला. मिठागर काय सिनेमाघर हाय? तिथं हवाच हवा.”

तो दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. औषध नेमाने घेत होता. शिमग्याच्या आधी एका सकाळी टोपलीसकट बांधावर बसला. मीठ सांडलं, आणि तो उठला नाही. एवढ्या एका जागी मला फुगवून सांगायला काही सापडत नाही.

तेराव्यानंतर मी रोह्याला गेलो. माझ्याच शर्टात. व्हरांड्यात बसलो, आतले सगळे आटपेपर्यंत. हाक आली तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, “माझा काका गेला. तुम्ही गॅसचं औषध दिलंत तो. त्याने प्लांट कधी पाहिलाही नव्हता. जन्मभर मीठ वाहिलं त्याने. शर्ट मागून आणलेला होता.”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

“मग तसं सांगायचं ना,” ते म्हणाले.