विषय : बदली रद्द करण्याबाबत

सर्व संबंधितांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासात प्रथमच एका व्यक्तीने पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, स्वतःच्या हस्ताक्षरात बदली मागितली आणि ती मंजूरही झाली. सदर व्यक्ती माझी मुलगी आहे. मी अद्याप धक्क्यातून सावरलेलो नाही, याची नोंद घ्यावी.

हा धक्का किती मोठा, हे कळण्यासाठी आमचं घराणं ठाऊक हवं. माझ्या वडिलांनी बदलीच्या भीतीने दोनदा बढती नाकारली आणि ज्या टेबलावर रुजू झाले त्याच टेबलावरून निवृत्त झाले. मी डोंबिवलीत राहतो आणि कल्याणच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. सव्वीस वर्षांत माझ्या बदलीचा हुकूम चार वेळा निघाला आणि चारही वेळा मी तो परतवला. त्यातला सगळ्यात भयंकर हुकूम टिटवाळ्याचा होता. टिटवाळा आमच्यापासून पाचवं स्टेशन. तिथल्या गणपतीला आम्ही हौसेने जातो; पण देवाने रोज हजेरी मागितली तर भक्ती टिकत नाही.

माझं शस्त्र एकच होतं : आईचे गुडघे. ‘अर्जदाराच्या वृद्ध मातोश्री गुडघेदुखीने त्रस्त असून त्यांना अर्जदाराशिवाय दुसरा आधार नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मातोश्री वृद्ध नव्हत्या आणि त्रस्तही नव्हत्या. रोज सकाळी भाजी आणायला चालत बाजारात जायच्या, अजूनही जातात. पण आई कलावंत आहे. साहेब घरी आले की ती खुर्चीत बसताना असं काही ‘आई गं’ म्हणायची की साहेब स्वतःच उठून उभे राहायचे.

आता मुलगी. ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मुलांच्यात फुटबॉल खेळायची, पुढे ठाण्याच्या एका क्लबात गेली आणि एक दिवस चक्क करारावर सही करून आली. खेळण्याचा पगार मिळतो, हा माझा पहिला धक्का. मी तो सोसला, कारण माझं पुढचं गणित तयार होतं : दोन-चार वर्षं खेळेल, मग खेळाडू कोट्यातून कल्याणात एक खुर्ची, आणि मग ती खुर्ची कशी राखायची ते शिकवायला मी होतोच. अर्ज लिहायला तर मी तिला आठवीपासून शिकवलं होतं. डावीकडे तीन बोटं समास, एका परिच्छेदात एकच मुद्दा, शेवटी ‘कळावे’.

एकदा पेपरात तिच्या सामन्याची चार ओळींची बातमी आली. तिचं नाव होतं, पण त्याआधी छापलं होतं ‘बदली खेळाडू’. ताबडतोब फोन लावला की तुझी बदली कुठे केली. ती हसत सुटली. म्हणाली, बाबा, ती तसली बदली नव्हे. मला हायसं वाटलं. मग ती कसली, हे मी विचारलं नाही. तसली नव्हे ना, मग असू दे कसलीही. कात्रण मी कचेरीतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं. ‘बदली’ हा शब्द तेवढा वरून पेपरवेटने झाकला.

आणि मग एका सकाळी, पोहे खाता खाता, ती म्हणाली, “बाबा, माझी ट्रान्सफर होतेय. केरळला. शुक्रवारपर्यंत कागद जायचेत.”

मी पोह्यांची बशी बाजूला सारली. केरळ! मी टिटवाळ्याशी तीन वर्षं झुंजलेला माणूस. ती पुढे बरंच काही सांगत होती, पण मी ऐकत नव्हतो. बदलीच्या प्रकरणात मुरलेला माणूस ऐकत नाही, तो कोण मागे लागलंय ते शोधतो. क्लबात हिच्याविरुद्ध कोणीतरी फळी उभारलीय, हे मला दिसतच होतं. बायकोला तसं म्हणालो, तर ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

गुरुवारी मी रजा टाकली. अर्ज रात्रीच तयार होता. विषय : खेळाडूची बदली रद्द करण्याबाबत. कारण क्रमांक एक : खेळाडूच्या वृद्ध आजीचे गुडघे. या खेपेला पुरावाही बरोबर न्यायचं ठरवलं. शेजारच्या आजोबांची काठी मागून घेतली, टॅक्सी केली आणि आईला घेऊन ठाणं गाठलं. वाटेत तिला काय करायचं ते सांगितलं. ती म्हणाली की मला शिकवू नकोस, तुझ्या आधीपासून मी दुखतेय.

क्लबची कचेरी तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पहिल्या मजल्यावर मला धाप लागली. दुसऱ्यावर मी कठड्याला टेकलो. आई काखेत काठी धरून वरून विचारत होती की येतोस ना, की डॉक्टरला बोलावू.

आत गळ्यात शिट्टी अडकवलेल्या प्रशिक्षक बाई होत्या. तिशीच्या असतील. मी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. त्यांनी तो सावकाश, अगदी साहेबासारखा वाचला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मग खण उघडून त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

“काका, आम्ही हिची बदली केली नाही. हा अर्ज तिचा आहे.”

मी आधी समास पाहिला. बरोबर तीन बोटं. विषय : विनंती बदलीबाबत. अक्षर माझ्या मुलीचं. खाली एकच परिच्छेद, एकच मुद्दा : ‘संपूर्ण मोसमात मी बदली खेळाडू म्हणून बाकावर होते व एकूण तीस मिनिटे मैदानात उतरले. माझ्या जागेवर खेळणारी माझ्याहून सरस आहे, याबद्दल तक्रार नाही. तथापि आणखी एक वर्ष न खेळल्यास माझा खेळ संपेल. केरळचा क्लब मला पहिल्या अकरांत घेण्यास तयार आहे. मला सोयीची जागा नको, खेळण्याची जागा हवी. कळावे.’

इतका नेटका अर्ज आमच्या कचेरीत सव्वीस वर्षांत आवक झालेला नाही. माझा तर नाहीच.

म्हणजे पेपरवेटखाली झाकलेला शब्द तो हा होता. अख्खं वर्ष मी कचेरीत पेढे वाटत, संघ हिच्या जिवावर चाललाय असं सांगत फिरत होतो आणि पोरगी बाकावर बसून दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या देत होती. मी आईला घेऊन जिन्यात आलो आणि बायकोला फोन लावला. तुला हे माहीत होतं का, तिने तुला सांगितलं होतं का, असं विचारलं.

“सांगायला कशाला हवं? अहो, तिचे मोजे मी धुते.”

फोन बंद करून वळलो तर मुलगी समोरच. सराव संपवून पायऱ्या चढून आली होती, आम्हाला तिथे पाहून खिळून उभी राहिलेली. दोन संघ पाडून सामना लावला होता आणि त्यातही ही बाहेरच होती, हे मला तिने सांगितलं नाही. मी पहिल्यांदाच तिच्या पायांकडे पाहिलं. मोजे पांढरेशुभ्र होते. माझ्या लग्नातल्या सदऱ्यासारखे.

तेवढ्यावर एखाद्या बऱ्या माणसाने अर्ज मागे घेतला असता. मी हेडक्लार्क आहे. दाखल केलेला अर्ज मागे घेणं हाताला ठाऊकच नाही. आम्ही तिघंही आत गेलो, आई खुर्चीत बसली. प्रशिक्षक बाई मुलीला म्हणाल्या की तू सज्ञान आहेस, काकांची सही लागत नाही. मुलगी म्हणाली,

“लागत नाही, माहितेय. पण बाबा नाही म्हणाले तर मी नाही जाणार.”

धमकी दिली असती तर मी लढलो असतो. ही सरळ शरण आली होती. माझ्या एका शब्दावर तिचा खेळ संपणार होता, आणि तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. केरळ, एकटी मुलगी, अनोळखी भाषा, आजारपणात कोण बघणार. पण तो मला स्वतः उच्चारायचा नव्हता. म्हणून मी सव्वीस वर्षांच्या सवयीने बोटाने खूण केली. आईकडे पाहून. आता ‘आई गं’ म्हण.

पोरीचा आज तिकडे दुसरा मोसम चालू आहे. डावीकडून धावते, दर सामन्यानंतर तिच्या आईला चिखलाने माखलेल्या मोज्यांचा फोटो पाठवते, आणि इकडे बायको तो फोटो सगळ्या बिल्डिंगला दाखवत फिरते. पण याचं श्रेय माझ्याकडे येत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. त्या खोलीत मी खूण केली आणि आईने ती पाहिली. काठी माझ्या हातात दिली. खुर्चीचा हात न धरता ताडकन उठून उभी राहिली आणि परक्या बाईंच्या देखत, नातीच्या देखत, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मेल्या, माझे धडधाकट गुडघे सव्वीस वर्षं कागदावर दुखवलेस, आता हिचे तरी पळू देत.”