पालीला ऐकू आलेली हाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. माझी नातसून डॉक्टर आहे. हे लिही म्हणून तीच मागे लागली… आणि शेवटच्या गोष्टीचं उत्तर तिलाही देता आलेलं नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी चौसाळ्याला धाकटी सून म्हणून नवीनच आले होते. थोरल्या जाऊबाई, रुक्मिणीअक्का, तान्ही मुलगी दगावली तशा गप्प झाल्या. खाणं नाही, वेणीफणी नाही, नुसत्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. रडायची तरी सोय कुठं होती? बायकाच म्हणायच्या, "पोरगीच तर व्हती, एवढं रडायचं कावून?" माझं डोकं असं तडकायचं! पण नव्या सुनेला तोंड कुठलं…

मग ठरलं, बाहेरची बाधा आहे. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "ही उठली न्हाई तर थोरल्याचं दुसरं लगीन लावते."

दिवेलागणीला देवरशी आला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. अक्का खोकून खोकून लाल झाल्या. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी.

"नाव सांग! कोण हायस तू?"

कित्येक महिन्यांनी अक्का बोलल्या, "सोनी."

"काय पायजे तुला?"

"आई, मला न्यायला ये गं…"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोण ही सोनी? गावात त्या नावाची कुणी मेलीच नव्हती. देवरशी म्हणाला, "हिच्या माहेराकडची आसंल. तिकडंच नेऊन सोडा." सुनेनं माहेरी जायचं म्हटलं असतं तर धाडलं नसतं हो, पण भुतासाठी पहाटेच बैलगाडी जुंपली! सोबतीला मी.

अक्कांच्या माहेरगावी, पालीला, पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वेशीत एक म्हातारी बसलेली. गाडी दिसताच धडपडत उठली, "सोने! आलीस का गं माझी बाई!"

मी गारच पडले. सोनी म्हणजे आमच्या अक्काच! लग्नात नाव बदललं, आणि सासरी ते जुनं नाव एकाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

आईच्या गळ्यात पडून अक्कांनी हंबरडा फोडला. त्या पोटभर रडल्या, हळूहळू जेवायला लागल्या, माणसात आल्या. दुसऱ्या लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही.

नातसून म्हणते, आजी, ते डिप्रेशन होतं. पटतं मला. पण मी म्हातारीला विचारलं होतं, निरोप नसताना आम्ही येणार हे कळलं कसं?

"काल दिवा लावत व्हते," ती म्हणाली, "तर दारातून सोनीची हाक आली… आई, मला न्यायला ये गं. सकाळी निघालेच व्हते बग, पर गुडघं लई दुखाया लागलं, म्हून हितंच बसले."

चौसाळ्याची हाक पालीला जाते कशी? मला आजवर कळलेलं नाही.

नातसुनेनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "आजी, तुमचं माहेरचं नाव काय हो?" चंपा, मी म्हटलं… आणि या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.