लंडनहून आलेले दत्तगुरू

चहा संपायच्या आत सांगून टाकतो. फक्त हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा.

जळगावात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोनच प्रकारचं. ज्यांच्या घरी देव आलेत ते, आणि ज्यांचे आजोबा गेलेत ते. बायको म्हणायची, "तुमच्या भिंतीवर जिवंत माणसाला जागाच नाही." हे मला लागायचं.

अशात धुळ्याहून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. त्यांना जुन्या विलायती चित्रांचा नाद. म्हणाले, "एक मेझोटिंट पाठवतोय. लंडनहून आणलंय, फार नाजूक आहे. गुरुवारी न्यायला येतो. हे नीट जमलं, तर घरातली सगळी चित्रं तुमच्याकडेच."

मेझोटिंट म्हणजे काय, हे विचारायला नको होतं का? मी म्हटलं, "सर, आपलं रोजचंच काम आहे."

गुंडाळी उघडली. कागदावर छापलेलं चित्र, काळंभोर, तव्यावर काढल्यासारखं. त्या काळोखातून तीन गोरेपान, कोवळे चेहरे वर आलेले, एकमेकांना चिकटून. मोकळे केस, पायघोळ वस्त्रं. पायाशी चार कुत्री.

आता तुम्हीच सांगा. तीन तोंडं, चार कुत्री. दुसरं कोण असणार?

गाय दिसत नव्हती. पण मागे एवढा अंधार होता, असेल तिथेच कुठेतरी. बाळरूपातले दत्त लंडनला कसे, हाही प्रश्न पडला. पण तिकडे आपली माणसं आहेतच की.

मी जीव ओतला. सोनेरी पट्टी, लाल मखमल, कडेने लुकलुकणारे दिवे. गुरुवारी सकाळी धरणगावचे नाना आपल्या वडिलांचा फोटो न्यायला आले आणि त्यांनी दारातच चपला काढल्या.

"भाऊ, हाई कोनता गावना दत्त शेतस?"

"लंडनचे, नाना."

"एवढा लांबून देव उनात? मंग हार तं घाल."

हार आला. शेजारचा पानवाला पेढे घेऊन आला. देवाची फ्रेम आमच्याकडून गंध लावल्याशिवाय बाहेर जात नाही. मी अष्टगंध कालवलं, तिघांच्या कपाळी लावलं, कुत्र्यांनाही वगळलं नाही. आरती रंगात आली आणि बघतो तर दारात सर.

बिचारे आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ही इंग्लंडच्या राजाची मुलं आहेत. आणि ही त्यांची पाळलेली कुत्री."

माझे कान तापले. सरांच्या घरातली सगळी चित्रं हातची गेली, असं धरून चाललो. नानांनीच सावरून घेतलं, "ऱ्हाऊ द्या सर. राजाना काय नि आपला काय, पोरं देवनाच ऱ्हातस."

सर चक्क हसले. पेढा घेतला. म्हणाले, "दिवे काढा आणि गंध तेवढं पुसा. बाकी काम छान आहे. उरलेली चित्रं पुढच्या आठवड्यात पाठवतो."

जीव भांड्यात पडला. मी ओला फडका घेऊन काच पुसायला लागलो, तर मधल्या राजपुत्राचं अर्धं कपाळ फडक्यावर आलं.

देव आल्याच्या गडबडीत काच बसवायचीच राहिली होती.

सरांनी उरलेला पेढा खाली ठेवला, "राहू द्या तुमच्याकडेच," म्हणाले आणि गेले.

तर आता राजाची मुलं माझ्याच भिंतीवर आहेत. नाना दर गुरुवारी हार घेऊन येतात. गंध अजून मीच लावतो. काचेवर.